मिठाईसारखी इम्पीरिअल स्टाउट : पहिल्या घोटाला भुरळ, अर्ध्या ग्लासात नको नको?

निशिगंध :
शनिवारी धाकट्या बहिणीबरोबर एका छोट्या क्राफ्ट ब्रुअरीत गेले होते. फळ्यावर सगळ्यात खाली खडूनं लिहिलं होतं : इम्पीरिअल स्टाउट, १२ टक्के, व्हॅनिला, कोको, भाजलेलं खोबरं, लॅक्टोज. साधी स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, मला मनापासून आवडते आणि इम्पीरिअल ही तिचीच जास्त कडक जात, म्हणून सरळ ३०० मिलिचा ग्लास मागवला.

आला तो काळाकुट्ट. दिव्यासमोर धरला तरी कडेला फक्त एक तपकिरी रेघ दिसायची. वर बदामी रंगाचा फेस होता, पण फोटो काढेपर्यंत विरला आणि काचेलगत नुसतं कडं उरलं. ग्लास कलता केला की बिअर जाड ओघळांनी सावकाश खाली यायची. नाकाशी नेला आणि खरंच दोन मिनिटं प्यायलेच नाही, वासच घेत बसले. आधी व्हॅनिला, मग कोको पावडरचा डबा उघडल्यावर येतो तो कोरडा वास, आणि मागून खोबरं. पहिला घोट मऊ, दाट, जिभेभर पसरणारा. बहिणीला म्हटलं, आजवर प्यायलेल्या बिअरमधली ही सगळ्यात सुंदर.

सहाव्या-सातव्या घोटाला काहीतरी बिनसलं. व्हॅनिला तेवढा राहिला, बाकीचं सगळं कुठं गेलं कळेना. जिभेला मिठी बसली. अर्धा ग्लास तसाच ठेवून उठले आणि वाईट वाटलं, कारण कुणीतरी महिनोन्‌महिने खपून ती केली असणार. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, 'ही अशीच असते, मॅडम.'

तर दोष कुणाचा? माझ्या जिभेचा, बिअरचा, की मी ती प्यायले त्या पद्धतीचा? जाणकारांनी सांगावं. मला ही बिअर आवडून घ्यायची आहे.

रोखठोक :
बिअरचा. स्टाउट म्हणजे भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा. तो झाकायला व्हॅनिला, खोबरं, दुधाची साखर घालायची आणि वर 'इम्पीरिअल' म्हणायचं, हे मला पटत नाही. मिठाई हवी तर मिठाई खा, बिअर हवी तर बिअर प्या.

भाबडा_प्रश्न :
मध्येच विचारतो. आमच्या इथल्या एका ब्रुअरीच्या लेबलवर 'चॉकलेट माल्ट' लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात चॉकलेट घातलेलं असतं का?

दगडफूल :
@भाबडा_प्रश्न, नाही. चॉकलेट माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली चॉकलेटच्या रंगाची होईपर्यंत भाजलेली. नाव रंगावरून पडलंय. चव मात्र खरोखर कोको-कॉफीच्या अंगानं जाते, कारण तिन्हीत भाजण्याचीच रसायनं आहेत. निशिगंधताईंनी प्यायलेल्या बिअरमध्ये मात्र खरा कोको असणार, बहुधा कोको निब्ज, म्हणजे भाजून फोडलेल्या बियांचे तुकडे.

आता मूळ प्रश्न. मी आठ वर्षं घरी बिअर करतोय, त्यावरून सांगतो. बिअर किती गोड राहिली हे कळायला शेवटची घनता बघतात. पाण्याची १.०००, साखर उरेल तशी ती वाढते. रोजच्या बिअरची साधारण १.०१० च्या आसपास येऊन थांबते. बिअर-परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या नियमावलीत इम्पीरिअल स्टाउटसाठी १.०१८ ते १.०३० दिलंय, आणि कडवटपणा ५० ते ९० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). म्हणजे परंपरेनं ही बिअर दाट आहे, पण तिच्यात गोडाला अडवणारा कडूपणाही तितकाच तगडा आहे. मिठाईवाल्या स्टाउट सर्रास १.०४० च्या वर थांबवल्या जातात, आणि हॉप्स, म्हणजे कडूपणा देणारी फुलं, मात्र कमी ठेवतात, कारण लोकांना मऊ हवं असतं. गोडी वाढली, लगाम सुटला. तुमचा सातवा घोट तिथं अडकला.

फेस विरला तो खोबऱ्यामुळे. खोबऱ्याचं तेल फेसाचा बुडबुडा टिकू देत नाही. करणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, पण सुगंधासाठी फेसाचा बळी दिलाय हे खरं.

मंजिरी_२ :
लॅक्टोजबद्दल एक सांगते, कारण मी भोगलंय. ही दुधातली साखर. बिअरच्या यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून जशीच्या तशी बिअरमध्ये राहते आणि अंग भरतं. मला दूध पचत नाही. पहिल्यांदा कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, आणि पुढची रात्र पोट धरून काढली. फळ्यावर लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर 'यात लॅक्टोज आहे का' हा प्रश्न ग्लास भरण्याआधी विचारा. वीगन मंडळींनीही.

रोखठोक :
बघा, म्हणजे माझंच म्हणणं आलं.

शेवटचा_बाक :
@रोखठोक, थांबा राव. लॅक्टोज साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकंच गोड असतं. ते घालतात ते मुख्यतः दाटपणासाठी. आणि स्टाउटमध्ये लॅक्टोज हे काही आजचं खूळ नाही. इंग्लंडात केंट परगण्यातल्या मॅकेसन ब्रुअरीनं १९०७ मध्ये मिल्क स्टाउट बाजारात आणली होती. शंभर वर्षं उलटून गेली. तुमच्या शुद्ध स्टाउटच्या घराण्यातलीच ही मुलगी आहे.

निशिगंधताई, मी चव घेण्याचं रीतसर शिक्षण घेतलंय, म्हणून जिभेची बाजू मांडतो. व्हॅनिला गोड नसतो. व्हॅनिलाचा अर्क नुसता चाखून बघा, कडवट लागेल. पण आपण आयुष्यभर तो साखरेबरोबरच खाल्लाय, त्यामुळे वास आला की मेंदू गोडी आपणच भरतो. तुमच्या ग्लासात खरी गोडी होती, लॅक्टोजची थोडी होती आणि वर व्हॅनिलानं भासवलेली होती. तिन्ही एकाच दिशेनं ढकलत होत्या.

दुसरं म्हणजे नाक थकतं. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. कोको आणि खोबऱ्याचे वास नाजूक, ते आधी गेले. उरला सगळ्यात दांडगा. तुम्ही जे लिहिलंत ना, 'बाकीचं सगळं कुठं गेलं कळेना', ते अगदी बरोबर टिपलंय. जिभेचा दोष मुळीच नाही. उलट जीभ जागी होती म्हणूनच कळलं.

उपाय सोपा आहे. साधं पाणी प्या, दोन मिनिटं ग्लास दूर ठेवा, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या. हसू नका, चाखणारे खरंच करतात.

अनामिका_पुन्हा :
मनगटाचा वास! आजच करून बघणार.

सांजवात :
कुणी हिशेब मांडला नाही म्हणून मांडते. १२ टक्क्यांची ३०० मिलि म्हणजे ३६ मिलि शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये तेवढं अल्कोहोल यायला ७२० मिलि प्यावी लागेल. गोडव्याखाली ते जाणवत नाही, उतरताना घशाला लागत नाही, आणि उठताना कळतं. अर्धा ग्लास ठेवून उठलात, उत्तम केलंत. ही बिअर प्यायल्यावर गाडीच्या चावीला हातही लावू नका, मग चव कितीही मिठाईसारखी असो. पोटातही भर पडते : ३०० मिलिमध्ये नुसत्या अल्कोहोलच्याच सुमारे २०० कॅलरी, उरलेली साखर वेगळी.

निशिगंध :
@सांजवात, आम्ही टॅक्सीनं गेलो होतो. पण ७२० मिलि वाचून डोळे उघडले. खरंच लक्षात आलं नव्हतं.

@शेवटचा_बाक, खूप आभार. एक राहिलं : ग्लास अगदी थंडगार होता. त्याचा काही संबंध?

ओकपिंप :
आहे ना! थंडगार स्टाउट म्हणजे दार लावून घेतलेलं घर. १० ते १४ अंशांना ही बिअर उघडते. ग्लास तळहातात धरून वीस मिनिटं बसायचं. पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता ग्लास मागायचा, वास आत साठतो.

शेवटचा_बाक :
@ओकपिंप, वासापुरतं शंभर टक्के मान्य. पण जरा सावध. गरम होताना वासाबरोबर गोडीही वर येते, कारण जिभेला थंडपणी गोड कमी कळतं. शिवाय वीस मिनिटांत बिअरमधला वायू उडून जातो, आणि तोच वायू जिभेला टोचून गोडव्याला कापत असतो. म्हणून ऊब ही या बिअरची परीक्षा आहे. खाली भाजलेल्या बार्लीचा कडूपणा असेल तर उबेत तो उमलतो आणि बिअर सुंदर होते. नसेल तर नुसता पाक उरतो. मी तर नवीन स्टाउट आली की दोन घोट थंड घेतो आणि मत शेवटच्या, कोमट घोटाला ठरवतो.

ओकपिंप :
हे मी कधी असं वेगळं करून पाहिलं नव्हतं. बरोबर आहे. म्हणूनच मला नायट्रोवर, म्हणजे नायट्रोजनच्या नळावर, ओढलेल्या मिठाई स्टाउट लवकर नकोशा होत असाव्यात. त्यात नायट्रोजन जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणजे साय मिळते पण टोच जाते. एकदा एकाच ब्रुअरीत तीच बिअर दोन्ही नळांवर होती. नायट्रोवाली पहिल्या घोटाला जिंकली, दुसरी शेवटपर्यंत पिववली.

खलाशी :
धागा आज वाचला. मी जहाजावर असताना आम्हाला सांगायचे, की रशियाला पाठवताना बाल्टिक समुद्रात बिअर गोठू नये म्हणून ती इतकी कडक करायचे. 'इम्पीरिअल' नाव त्या झारच्या दरबारावरून.

तळटीप :
खलाशीकाका, नावाचं बरोबर, गोठण्याचं नाही. १० टक्के अल्कोहोलची बिअर उणे ४-५ अंशांच्या आसपास गोठायला लागतेच, त्यानं रशियाच्या थंडीत काय निभावणार? आणि हिवाळ्यात तिकडची बंदरंच गोठून बंद असायची, माल जायचा तो बर्फ वितळल्यावर. कडक करण्याचं साधं कारण म्हणजे लांबच्या प्रवासात आणि तळघरात ती टिकायची, आणि श्रीमंत गिऱ्हाइकाला उंची माल हवा असायचा.

मला या इतिहासाचं वेड आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. लंडनच्या साउथवर्कमध्ये थ्रेल कुटुंबाची अँकर ब्रुअरी होती. हेन्री थ्रेल १७८१ मध्ये वारला, आणि ब्रुअरी विकायला काढली तेव्हा मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांत शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन होता. ती पुढं बार्कले पर्किन्स झाली. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टननं १७९६ मध्ये रोजनिशीत लिहून ठेवलंय, की थ्रेलच्या ब्रुअरीतली पोर्टर (स्टाउट जिच्यातून निघाली ती गडद बिअर) प्यायलो, ती खास रशियाच्या सम्राज्ञीसाठी केलेली आहे आणि सात वर्षं टिकेल असं सांगितलं. सम्राज्ञी म्हणजे दुसरी कॅथरीन, जी त्याच वर्षी वारली.

आणि गंमत म्हणजे कॅथरीननं प्यायली ती बिअर आजच्याइतकी काळी असेलच असं नाही. काळा माल्ट शक्य झाला तो १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलरनं फिरत्या पिंपात माल्ट भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतल्यावर. त्याआधी तपकिरी माल्टवर भागवायचे. म्हणजे रोखठोकसाहेब ज्याला अस्सल म्हणतात तो जळका काळेपणा हीसुद्धा एकेकाळची नवलाईच होती.

रोखठोक :
हे माहीत नव्हतं. मान्य. तरी खोबरं नको.

खलाशी :
तळटीप, छान सांगितलंत. चाळीस वर्षं मी ती गोष्ट पोरांना सांगत आलोय, आता दुरुस्त करून सांगेन.

ओकपिंप :
@रोखठोक, तुमच्यासाठी एक वाट आहे. ओकच्या पिंपात मुरवलेली इम्पीरिअल स्टाउट प्यायलात का? अमेरिकेच्या कायद्यानं बोर्बन दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बोर्बनला चालत नाही, म्हणून ती ढिगानं रिकामी होतात आणि ब्रुअरीवाले घेतात. शिकागोच्या गूस आयलंडनं १९९० च्या दशकात जिम बीमच्या पिंपांत स्टाउट मुरवून ही वाट रुळवली.

ओकच्या लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. लाकूड जाळलं की त्यातून व्हॅनिलिन निघतं, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतला तोच मुख्य सुगंध. आणि ओकमधल्या लॅक्टोनचा वास थेट खोबऱ्यासारखा. एक शेंग न घालता, एक कीस न टाकता व्हॅनिला आणि खोबरं दोन्ही मिळतं, आणि लाकडाचा तुरटपणा गोडव्याला धरून ठेवतो. मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा कुणीतरी वरून खोबरं घातलंय याची पैज लावायला तयार होतो.

रोखठोक :
प्यायलोय एकदा. ती आवडली होती. कारण आज कळलं.

दगडफूल :
आता माझी एक फजितीची गोष्ट, कारण निशिगंधताईंना 'महिनोन्‌महिने खपून केली असणार' याचं वाईट वाटलं, ते मला फार लागलं.

माझी पहिली इम्पीरिअल स्टाउट १.१२० घनतेवर सुरू झाली. इतक्या गोड काढ्यात यीस्टला आधी साखरेचा दाब सोसावा लागतो आणि नंतर स्वतःच केलेल्या अल्कोहोलचा. सुरुवातीला भरपूर प्राणवायू आणि भरपूर यीस्ट दिलं तरच ते तग धरतं. मी एकच पाकीट टाकलं. १.०५२ वर गाडी अडली ती अडलीच. महिनाभर वाट पाहिली, डबा हलवला, ऊब दिली, काही नाही. मग ती बिअर वाचवायला म्हणून व्हॅनिलाच्या शेंगा चिरून घातल्या. वास असा की शेजारच्या खोलीतून लोक उठून यायचे. मित्रानं एक घोट घेतला, डोळे मिटले, छान म्हणाला, आणि ग्लास तासभर तसाच त्याच्यासमोर राहिला. तेव्हा समजलं की वासानं माणूस येतो, पण बसत नाही.

पुढच्या वेळी आधी हलकी बिअर केली, तिच्या तळाशी साठलेल्या सगळ्या यीस्टवर स्टाउटचा काढा ओतला, प्राणवायू दिला. भाजलेली बार्ली वाढवली, कडवटपणा ७० आयबीयूपर्यंत नेला. १.०३४ वर थांबली. व्हॅनिला पहिल्या वेळच्या निम्मा. तोच मित्र दुसरा ग्लास मागत होता.

म्हणून विचारतो : त्या ब्रुअरीत हीच स्टाउट काही न घालता केलेली मिळते का? बऱ्याच जागी मूळ बिअर एकच असते, तिचे भाग करून कशात कोको, कशात खोबरं घालतात. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलात तर दोष मुळात आहे की वरच्या सजावटीत, ते लगेच कळेल.

मंजिरी_२ :
दगडफूल, 'वासानं माणूस येतो, पण बसत नाही'. व्वा. आणि साधीत लॅक्टोज नसेल तर मीही पिऊ शकेन.

भाबडा_प्रश्न :
हिच्याबरोबर खायचं काय? मी केक मागवतो नेहमी.

शेवटचा_बाक :
केकनं गोडावर गोड होतं, दोन घासांत दोन्ही कंटाळवाणे. खारट काहीतरी घ्या. स्टिल्टनसारखं निळ्या बुरशीचं चीज या बिअरबरोबर फार जमतं. मीठ आणि तिखटसर वास गोडव्याला आवर घालतात, आणि चीजचा चरबट थर बिअर धुऊन नेते. गोडच हवं असेल तर कमी साखरेचं कडू चॉकलेट.

निशिगंध :
मंडळी, काल परत जाऊन आले. सगळ्यांचं ऐकून.

दगडफूल, तुमचा तर्क बरोबर निघाला. मूळ स्टाउट एकच, साधी फक्त बाटलीत होती. आम्ही दोघींत मिळून नळावरचा १०० मिलिचा ग्लास घेतला आणि साधीची एक बाटली उघडली. दोन्ही फुगीर ग्लासांत ओतून घेतल्या. पाणी मध्ये ठेवलं. मनगटाचा वासही घेतला, बहीण आधी हसली आणि मग तिनंही घेतला.

थंड असताना खोबऱ्यावालीच पुढं होती. साधी अगदी गप्प, थोडी जळकट, थोडी काकवीसारखी. दहा मिनिटांनी साधी बोलायला लागली. करपवलेली साखर, सुकलेल्या काळ्या मनुका, आणि शेवटी कोऱ्या कॉफीचा कडूपणा, जो गिळल्यानंतरही जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळत होता. वीस मिनिटांनी मी खोबऱ्यावालीकडे परत आले तर या वेळी तिच्यातही तो कडूपणा सापडला. तिथंच होता, खाली. गेल्या वेळी मी तिथवर पोचलेच नव्हते, कारण नाक व्हॅनिलानं भरलेलं होतं आणि ग्लास मोठा होता.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं : बिअर चांगली आहे, व्हॅनिला थोडा जास्त आहे, आणि ३०० मिलि तर फारच जास्त आहे. ५० मिलिची ती फार सुंदर आहे. काउंटरवर तोच मुलगा होता. त्याला सगळं सांगितलं तर त्यानं आतून ब्रुअरबाईंना बोलावलं. त्या स्वतःच म्हणाल्या की पुढच्या खेपेला व्हॅनिला कमी करणार आहेत, आणि ग्लासही छोटाच ठेवणार आहेत.

येताना दोन बाटल्या आणल्या, एक साधी, एक खोबऱ्यावाली. किती दिवस ठेवता येतील?

रोखठोक :
निशिगंधताई, तुमचा हा प्रतिसाद वाचून ५० मिलि चाखायला मीही जाईन. खोबऱ्यावालीच.

तळटीप :
साधी खुशाल ठेवा. सात वर्षं म्हणत नाही, पण दोन-तीन वर्षांत तिचा जळकेपणा निवेल आणि मनुका, शेरीसारखी चव पुढं येईल. फॅरिंग्टनच्या बिअरचं गुपित तेच.

दगडफूल :
खोबऱ्यावाली मात्र ठेवू नका. खोबऱ्याचा वास सगळ्यात आधी उडतो, आणि त्यातलं तेल शिळं झालं की खवट लागतं. कॉफी घातलेलीचंही तेच, जुनी झाली की हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास येतो. जी सजावट तुम्हाला भावली ती ताजी असतानाच प्या. दोन्ही बाटल्या उभ्या ठेवा, अंधारात, थंड जागी.

निशिगंध :
मग खोबऱ्यावाली येत्या शनिवारी उघडते, चौघींत. साधी कपाटात सगळ्यात खाली ठेवलीय, उभी, जुन्या चादरीत गुंडाळून. बाटलीच्या मानेला आजची तारीख लिहून चिठ्ठी बांधलीय. उघडली की याच धाग्यावर येऊन सांगेन.